एकच राहिलाय

नकोशीच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. नीरेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही बाजूला झालो होतो आणि कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. गेलेल्या माणसाची एखादी इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मग जवळच्या माणसांनी एकेक वचन द्यायचं. जे मनात राहिलं असेल त्याचं वचन मिळालं की कावळा खाली येतो.

माझे चुलते आबाजी म्हणाले, कुंडलिकाला, म्हणजे मला, आम्ही एकटं पडू देणार नाही. कावळा हलला नाही. तिचा भाऊ माऊली दुबईहून आला होता. तो म्हणाला, प्रगतीचं लग्न मी करून देईन. प्रगती म्हणजे आमची मुलगी, तेव्हा चौथीत होती. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं तिचे दागिने पोरीलाच घालू, कुणी म्हणालं तिची म्हैस विकणार नाही. ऊन चढलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्याचं वचन तेवढं राहिलं होतं.

काय राहिलंय ते मला माहीत होतं, पण चारचौघांत बोलायची लाज वाटत होती. शेवटी पुढं झालो आणि हात जोडून म्हणालो, "नकू, तुझा त्यो नाचाचा डाव मी पुरा करीन."

मागं कुणीतरी हसलं. आणि कावळा खाली आला.

हा डाव म्हणजे काय ते सांगतो. माऊलीनं आदल्या दिवाळीत प्रगतीसाठी दुबईहून हातात धरून खेळायचा एक गेम आणला होता. विटेएवढा, राखाडी, वरच्या बाजूला छोटा पडदा, खाली डावीकडं फुलीच्या आकाराचं एक बटण आणि उजवीकडं दोन गोल बटणं. पाठीत पेन्सिल सेल बसायचे. डोक्यावरच्या खाचेत एक चपटी डबी खोचायची, त्या डबीत खेळ असतो. डबी एकच होती. तिच्यावर डोक्यावर उभ्या राहिलेल्या पोराचं चित्र होतं. ब्रेकडान्सची स्पर्धा. आपला एक टोपीवाला गडी, त्याच्यासमोर एकेक नाचणारा येतो. समोरचा आधी नाचून दाखवतो, मग आपण आपल्या गड्याला तसंच नाचवायचं. खालून बाण येतात, डावा, उजवा, वर, खाली. त्या त्या वेळेला बटण दाबायचं. वेळ साधली तर गडी पाठीवर भिंगरीसारखा फिरतो, एका हातावर उभा राहतो. नाही साधली तर ढुंगणावर आपटतो. कडेला पंच बसलेले असतात, ते पाट्या वर करून मार्क देतात. हरलं की पुन्हा पहिल्यापासून.

प्रगती तो थोडे दिवस खेळली. मग तो आईच्या हातात गेला तो गेलाच.

नकोशीच्या हृदयाची झडप खराब होती. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हे झालं असं डॉक्टर म्हणाले. प्रगतीच्या बाळंतपणानंतर दुखणं वाढलं. पुण्याला नेलं तर ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले, दगदग करू देऊ नका म्हणाले. मग घागर उचलायची नाही, धुणं धुवायचं नाही, भाकरी थापायच्या नाहीत. ओट्याच्या दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. अशा बाईच्या हातात नाचाचा खेळ आला. ती भिंतीला टेकून बसायची, मांडीवर उशी घ्यायची, आणि उशीवर तिचा गडी डोक्यावर गरगर फिरायचा.

समोरच्या नाचणाऱ्यांना तिनं नावं ठेवली होती. पहिला जाडा होता, तो सरपंच. दुसरी कमरेवर हात ठेवून उभी राहणारी, ती मास्तरीण. तिसरा पैलवान. आणि शेवटचा एक उंच, हाताची घडी घालून, तोंड फिरवून उभा असायचा. त्याचं नाव जावई.

"किती बी करा, ह्याचं त्वांड वाकडंच," असं म्हणून ती माझ्याकडं बघायची.

मी म्हणायचो, ठेव आता, जरा पड. ती म्हणायची, "एकच ऱ्हायलाय."

पौषात तिला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तो गेम तिनं बरोबर नेला. सुई टोचलेल्या हातानं खेळायची. त्या दिवशी मी चहा आणायला निघालो आणि म्हणालो, पुरे कर. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "एकच ऱ्हायलाय." चहा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती. गेम पांघरुणावर पडला होता, पडदा चालूच होता. तो चहा मी पुढं कुणाला दिला ते आठवत नाही.

म्हणून मला पक्कं वाटलं की जावई हरवायचा राहिला. आणि कावळा आल्यावर तर शंकाच उरली नाही.

पण दहाव्याचं जेवण झाल्यावर माझ्या सासूबाई उठल्या. छबूबाई त्यांचं नाव, इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या. मी त्यांना मामी म्हणतो. त्या म्हणाल्या की कावळा कुंडलिकरावांच्या वचनाला आला नाही, माझ्या वचनाला आला. त्याच वेळेला त्यांनी तोंडाला पदर लावून हळूच वचन दिलं होतं की नकू, तुझी पोर मी लासुर्ण्याला नेऊन वाढवीन. शेजारी उभ्या असलेल्या दोघी बायकांनी ते ऐकलं होतं. बायका खोटं सांगत नव्हत्या.

मी म्हणालो, माझी मुलगी माझ्याजवळ राहील. मामींनी मला शांतपणे विचारलं की कारखान्यात तुमची पाळी रात्रीची असली की पोर कुणाजवळ निजणार. तिचे केस कोण विंचरणार. ती मोठी झाल्यावर तिला काय सांगायचं ते कोण सांगणार. मी तेच पुन्हा म्हणालो, माझी मुलगी आहे.

तेव्हा मामी म्हणाल्या, "चौथी पोर झाली म्हणून मीच तिचं नाव नकोशी ठिवलं, पाव्हणं. एका पोरीला नको म्हणलं. दुसरीला न्हाय म्हणायची."

लग्नात मी तिचं नाव बदललं होतं, तांदळात लिहिलं होतं, पण जन्माची हाक तांदळानं बदलत नाही. तिला सगळे नकूच म्हणत राहिले, मीसुद्धा.

निवाडा आबाजींनी केला. ते म्हणाले, "कावळा एक, वचनं दोन. कावळ्याला तर इचारता येत न्हाय." मग त्यांनी असं ठरवलं की कुंडलिकानं आपलं वचन पुरं करून दाखवावं, तेही मामींच्या समोर. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत डाव पुरा झाला, तर कावळा त्याच्या वचनाला आला होता आणि पोर इथं आमच्या गावात, पणदऱ्यात राहील. नाही झाला, तर कावळा मामींच्या वचनाला आला होता आणि पोर लासुर्ण्याला जाईल. मामींनी मान्य केलं, मीही केलं. प्रगती आत आईच्या पातळांच्या घड्या घालत होती. तिला कुणी विचारलं नाही.

जायच्या आधी मामींनी आमच्या घरातला रेडिओ भिंतीकडं तोंड करून ठेवला. वर्षश्राद्ध होईपर्यंत गाणं-वाजवणं नको, म्हणाल्या. हे मला सांगायची गरज नव्हती. दुःखाच्या घरात वर्षभर कोण वाजवतं. गेमच्या कडेला आवाजाची चकती होती, तीही मी त्याच दिवशी शेवटपर्यंत खाली फिरवून ठेवली. नाच असला तरी निदान मुका असू दे, असं मला वाटलं.

मी बारामती एमआयडीसीत दूध पावडरीच्या कारखान्यात कामाला आहे. भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायचं मशीन चालवतो. माझी बोटं जाड आहेत आणि दोऱ्यानं चिरलेली असतात. त्या बोटांखाली ती बटणं सापडायचीच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता लिंबाखाली जाऊन बसायचो आणि बाण बघत बसायचो. बाण दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची. सरपंच पोट हलवत हसायचा आणि माझा गडी खाली बसायचा.

कारखान्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. गेटवरच विचारायचे, "कुंडलिक, सरपंच पडला का?" मी न्हाय म्हणायचो. एक जण म्हणाला, पुढच्या निवडणुकीपर्यंत थांब, आपोआप पडंल. लोक वाईट नव्हते. बायको गेल्यावर माणसाशी काय बोलावं हे कुणालाच समजत नाही, त्यांना बोलायला हे सापडलं होतं. एकानं मला सल्ला दिला की कुणाकडूनही करून घे, कावळ्याला काय समजतंय. पण वचन मी करीन असं दिलं होतं. दुसऱ्यानं करून चाललं असतं तर पिंडही शेजाऱ्यानं ठेवून चालला असता.

शिमग्याच्या सुमारास सरपंच पडला. मी एकटाच लिंबाखाली उभा राहिलो आणि कुणाला सांगावं ते मला सुचेना. पाडव्याला आम्ही गुढी उभारली नाही. त्या दिवशी मास्तरीण पडली. पैलवान मात्र दहा वेळा खेळलं तर एखाद्या वेळेला पडायचा, आणि पडला की पुढं जावई हाताची घडी घालून उभा. त्याच्यासमोर माझा गडी उभाच राहायचा नाही. पंच पाट्या वर करायचे, सगळ्या पाट्यांवर शून्य.

नकोशी ते कसं करायची ते मी आठवून बघायचो. ती बाणांकडं बघत नसायची एवढं मला आठवत होतं. खिडकीबाहेर बघत बोलायची, प्रगतीला पाढे म्हणायला लावायची, आणि बोटं आपली चाललेली. मी बाहेर बघितलं की गडी आपटायचा.

मी गेम हातात घेतला की प्रगती उठून बाहेर जायची. मला वाटायचं, तिला आईची आठवण होते. सकाळी ती स्वतःची वेणी स्वतः घालायची, ती एका बाजूला वाकडी व्हायची. मी एकदा घालून दिली, ती त्याहून वाकडी झाली. रात्रपाळी असली की ती आबाजींच्या घरी निजायला जायची, उशी काखेत मारून. तिला असं जाताना बघितलं की मला मामींचे प्रश्न ऐकू यायचे. त्यांचं बरोबर असेल असंही वाटायचं. मग मी जास्तच जोरानं बटणं दाबायचो.

मे महिन्यात मी बिनपगारी रजा टाकली. दिवसभर खेळायचो. अंगठ्याला फोड आले, ते फुटले, त्यावर चिंधी बांधली, चिंधीनं बटणं आणखीच सापडेनात. डोळ्यांतून पाणी यायचं. एका दुपारी जावयानं तोंड फिरवलं तेव्हा मी गेम भिंतीवर फेकायला हात उचलला. फेकला असता तर पोर गेली असती, म्हणून हात तसाच खाली घेतला. मग नकोशीला शिव्या दिल्या, मोठ्यानं. एवढं शहाणं असायचं होतं तर सांगून जायचं कसं करायचं ते. घरात कुणी नव्हतं. रेडिओ भिंतीकडं तोंड करून बसला होता.

एकदा भाकरी घेऊन नदीवर गेलो. बाभळीखाली भाकरी ठेवली आणि कावळ्याला विचारलं, कुणाच्या वचनाला आला होतास. माणसानं असं करू नये. कावळा भाकरी घेऊन उडून गेला. खरंच विचारता येत नाही त्याला.

शाळा सोमवारी उघडणार होती. रविवारी मी प्रगतीचे कपडे पत्र्याच्या पेटीत भरले, गेममध्ये नवे सेल घातले आणि आम्ही बारामतीहून इंदापूरच्या गाडीत बसलो. पेटी मांडीवर घेऊन प्रगती खिडकीतून उसाकडं बघत होती. मी खेळत नव्हतो.

मामींनी तयारी केलेली दिसत होती. भिंतीत दप्तरासाठी नवी खुंटी ठोकली होती, प्रगतीच्या हाताला पोचेल एवढ्याच उंचीवर. शाळेत जाऊन नावाचं सांगून आल्या होत्या. आम्हाला पाणी दिलं आणि समोर पोत्यावर बसल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गेम हातात घेऊन त्यांनी तोंडाजवळ नेला आणि म्हणाल्या की मला ह्यात नुसता उजेड दिसतोय, झालं का न्हाय ते मला कसं समजायचं.

मग त्यांनीच तोड काढली. "पोरगी सांगंल. ती खोटं बोलत न्हाय."

प्रगती माझ्या खांद्याशी बसली. मी सुरू केलं. पैलवानानं पाडलं. पुन्हा सुरू केलं, मास्तरणीनं पाडलं. पुन्हा. त्या वेळेला जावयापर्यंत गेलो आणि पहिल्याच फेरीत आपटलो. प्रगती प्रत्येक वेळेला सांगत होती, पडला. त्यापलीकडं एक शब्द नाही. ऊन अंगणातून उंबऱ्यापर्यंत आलं. किती वेळा पडलो ते मी सांगू शकत नाही. माझा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी मामी म्हणाल्या, "बास करा, पाव्हणं. तुमी केलंत तेवढं लई केलं." त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. त्या उठून पेटीकडं गेल्या आणि पेटी आत न्यायला वाकल्या.

तेव्हा प्रगतीनं माझ्या हातातून गेम घेतला आणि कडेची चकती वर फिरवली.

आख्ख्या घरात ती सुरुवातीची धून वाजली. टिंग टिंग करत वर चढणारी. नकोशी गेल्यापासून आमच्यातल्या कुणीही घरात काही वाजलेलं ऐकलं नव्हतं. मामी पेटीवरचा हात न काढता म्हणाल्या, "पोरी, वरीस सरलं न्हाय अजून."

प्रगती मला म्हणाली, "अण्णा, आई आवाजावर दाबायची. बाणावर न्हाय."

आणि गेम माझ्या हातात दिला.

इतके महिने तिला हे माहीत होतं. पण घरात आवाज करायचा नाही हेही तिला आजीनं सांगितलं होतं आणि मी चकती खाली केलेली तिनं बघितली होती. मोठ्या माणसांनी बंद केलेलं लहानानं कसं उघडायचं. ती बाहेर जाऊन बसायची ती ह्यासाठी.

मी मामींकडं बघितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी सुरू केलं. धुनेखाली एक ठोका होता, धप, धप-धप, धप. बाण त्या ठोक्यावरच येत होते. पहिल्यांदा गोंधळून मास्तरणीपाशी पडलो. पुन्हा ती चढणारी धून वाजली, पुन्हा सरपंच आला. आता मी ठोका ऐकत होतो. सरपंच पडला. मास्तरीण पडली. आणि मला शेजारून दुसराही एक आवाज ऐकू यायला लागला.

मामी पोत्यावर येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून ताल येत होता. फुगडीत दोघी फिरताना बायका श्वासानं ताल धरतात, त्याला पकवा म्हणतात, तो. त्या तरण्या असताना पंचमीच्या खेळात लासुर्ण्यात त्यांच्यासमोर कुणी टिकत नसे, हे मला नकोशीनं सांगितलं होतं. नकोशीला ताप यायला लागल्यावर त्यांनीच तिचं खेळणं बंद केलं होतं. आता त्यांचे डोळे मिटलेले होते.

"बसफुगडी हाय ही," त्या मधेच म्हणाल्या, "बसूनच खेळायची माझी पोर," आणि पुन्हा ताल धरला.

पैलवान पडला. जावई आला, हाताची घडी घालून. ठोका जलद झाला, तसा मामींचा श्वासही जलद झाला. मी बाणांकडं बघणं सोडलं. समोरच्या खुंटीकडं बघत होतो. बोटं आपोआप चालली होती आणि ती माझी वाटत नव्हती. प्रगतीनं माझा दंड धरला होता. मग ठोका थांबला. मी खाली बघितलं. माझा टोपीवाला एका हातावर उभा होता आणि पंचांनी सगळ्या पाट्यांवर दहा दाखवले होते. जावयानं हाताची घडी सोडली, माझ्या गड्यासमोर येऊन कमरेत वाकला. पडद्यावर चांदण्या पडल्या.

मामींना धाप लागली होती. "झाला का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात चांदण्या विझल्या. पडदा काळा झाला. आणि सुरुवातीची ती चढणारी धून पुन्हा वाजली. सरपंच आला. तोच सरपंच, तेच पोट, फक्त दुप्पट वेगानं नाचत होता.

त्या डावाला शेवट नव्हता. जावई हरला की पुन्हा सरपंच. नकोशीनं जावयाला कितीदा हरवलं असेल देव जाणे. एकच राहिलाय म्हणायची, कारण कायम एक राहायचाच. मी दहाव्याला सगळ्या गावासमोर ज्याचं वचन दिलं होतं, ते पुरं होणारी गोष्टच नव्हती.

"मामी," मी म्हणालो, "ह्यो डाव..."

"संपला, आज्जी," प्रगती म्हणाली.

सरपंच नाचत होता. धून चालूच होती. मामी मान जराशी कलती करून ऐकत राहिल्या. त्यांना दिसत नसलं तरी ही धून कधी वाजते ते त्यांनी आताच दोनदा ऐकलं होतं.

"संपला तर वाजतंय काय त्ये?"

प्रगतीनं नजर खाली घातली नाही. तिचं नाक लाल झालं होतं, माझ्या दंडात तिची नखं रुतली होती, पण ती आजीच्या तोंडाकडं सरळ बघत होती. पणदऱ्यात आणि लासुर्ण्यात मिळून, तिला कुठं राहायचंय हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं होतं.

मामींनी हात पुढं केला. मी गेम दिला. त्या अंगठ्यानं चकती चाचपायला लागल्या, सापडेना, तेव्हा प्रगतीनं त्यांचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. आवाज खाली गेला आणि घर पुन्हा मुकं झालं.

"बारामतीची गाडी येईल आता," मामी म्हणाल्या. "निघा."

मी विचारलं, मामी, तुमच्या वचनाचं काय.

"माझं मी बघते. तिला तसलं नाव ठिवलं तवाच रागावली आसंल. आजून थोडी रागावंल." मग पदरानं तोंड पुसलं, प्रगतीची वेणी हातानं चाचपली आणि म्हणाल्या, "हिची येणी घालायला शिका. वाकडी हाय."

त्या उंबऱ्यापर्यंतही आल्या नाहीत. मी मागं वळून बघितलं तेव्हा त्या खुंटीपाशी उभ्या होत्या आणि ती हातानं हलवून बघत होत्या, पक्की बसलीय का.

गाडीत प्रगती माझ्या शेजारी पेटी घेऊन बसली. भवानीनगर गेल्यावर तिनं विचारलं, "अण्णा, आईला समजंल का, मी खोटं बोलले?" मला वाटलं होतं की पोर जवळ राहिली की छातीवरचं ओझं उतरेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मी वेणी बरी घालतो. मशीनवर दोरा ओढायचा तसाच केसांना ताण द्यायचा असतो. पाळीही बदलून मागितली आहे, ती मिळेल असं म्हणतात. आणि रोज खेळतो, आवाज लावून, दार लावून घेऊन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. जावई आता पुष्कळदा हरतो. प्रत्येक वेळेला सरपंच आणखी जलद होऊन येतो. किती वेळा हरवलं म्हणजे पुरं झालं म्हणायचं, हे मला सांगणारं कुणी नाही.

पौषात वर्षश्राद्ध येईल. नीरेच्या काठावर मला पुन्हा पिंड ठेवायचा आहे. माझं वचन पुरं झालेलं नाही, मामींनी त्यांचं मोडलं ते माझ्यामुळं, आणि पोर खोटं बोलली तेही माझ्याजवळ राहायला. बाभळीवर कावळे येऊन बसतील. आबाजी माझ्याकडं बघतील. त्या वेळेला मी हात जोडून काय म्हणायचं, हे मला अजून सापडलेलं नाही.